वाढदिवसाचे खेळ : कच्च्या लिंबालाही डाव मिळाला पाहिजे

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा सहा वर्षांचा होतोय. पंधराएक मुलं येणार, वयं चार ते दहा. घर दोन खोल्यांचं, खाली सोसायटीचं पार्किंग. खेळ घेणाऱ्या इव्हेंटवाल्याने बारा हजार सांगितले, तेवढा खर्च करायचा नाही. आपले जुने खेळ घेतले तर आजच्या मुलांना आवडतील का, आणि कोणते घ्यावेत?

ताई, आवडतील. मी अठ्ठावीस वर्षं बालवाडीत काढली आहेत. शेजारपाजारचे आणि नातेवाइकांचे मिळून शेकडो वाढदिवस खेळवले आहेत. मुलांना खेळ जुना की नवा याच्याशी काहीही देणंघेणं नसतं. त्यांना एवढंच कळतं की आपल्याला खेळायला मिळालं की नाही. म्हणून खेळ निवडताना मी एकच गोष्ट बघते : यात बाद झालेलं मूल किती वेळ भिंतीला टेकून बसणार आहे?

संगीत खुर्चीचंच घ्या. बहुतेक वाढदिवसांना हाच खेळ असतो. पंधरा मुलं असली तर चौदा फेऱ्या होतात. गाणं लावायचं, थांबवायचं, भांडण सोडवायचं, खुर्ची काढायची, यात एका फेरीला दीड-दोन मिनिटं सहज जातात. म्हणजे खेळ जवळजवळ अर्धा तास चालतो आणि पहिल्या फेरीत बाद झालेलं मूल पंचवीस मिनिटं नुसतं बघत बसतं. पहिलं बाद कोण होतं? सगळ्यात लहान, सगळ्यात लाजरं, किंवा ज्याला धक्का मारून बसणं जमत नाही ते. एका वाढदिवसाला मी हा खेळ घेतला आणि ज्याचा वाढदिवस त्याची चार वर्षांची बहीण पहिल्याच फेरीत बाद झाली. ती आत जाऊन पलंगाखाली बसली, ती केक कापायलाही बाहेर आली नाही. त्यानंतर संगीत खुर्ची मी त्या पद्धतीने कधीच घेतली नाही.

आपल्या गल्लीतल्या खेळांना ही अडचण फार पूर्वीच कळली होती. त्यावरचा उपाय तुम्हालाही आठवत असेल : कच्चं लिंबू. खेळायला धाकटं भावंड आलं की त्याला हाकलायचं नाही. त्याला कच्चं लिंबू करायचं. तो पळेल, ओरडेल, त्याला कुणी पकडेलसुद्धा, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. मोठ्यांनी बसवलेला नियम नव्हे हा, मुलांनीच काढलेला. तुमच्याकडे चार ते दहा अशी सगळी वयं एकत्र येणार आहेत, तेव्हा हा नियम पहिल्याच मिनिटाला मोठ्याने सांगून टाका : ‘हे तिघं कच्चं लिंबू.’ दहा वर्षांची मुलं तो मनापासून पाळतात, लहानांना हाताला धरून पळवतात. एक मात्र सांभाळा. पाच-साडेपाच वर्षांच्या मुलाला कच्चं लिंबू म्हटलेलं अपमानाचं वाटतं. त्याला ‘तुला दोन जीव’ म्हणा. अर्थ तोच, पण त्याची मान ताठ राहते.

आता तुमच्या पार्किंगबद्दल. पार्किंगला खांब असतात आणि आपल्याकडे खांबांसाठीच एक खेळ आहे, खांब-खांब खांबोळी. पूर्वी तो देवळाच्या सभामंडपात नाहीतर वाड्याच्या ओसरीवर चालायचा. प्रत्येक खांबाला एक मूल, ज्याच्यावर राज्य ते मध्ये. खांबाला धरलेली मुलं एकमेकांना खुणावून जागा बदलतात आणि मधला रिकामा खांब पटकावायला धावतो. ज्याचा खांब गेला त्याच्यावर राज्य. यात कुणी बाद होत नाही, साहित्य काहीच लागत नाही आणि नियम सांगायला अर्धं मिनिट पुरतं. खांब आठ असतील आणि मुलं पंधरा, तर उरलेल्यांसाठी खडूने गोल काढा, तेही खांबच. आदल्या दिवशी सेक्रेटरींना सांगून तासाभरासाठी गाड्या हलवून घ्या. हे एवढं काम मात्र तुम्हाला करावंच लागेल. चालू रहदारीच्या पार्किंगमध्ये मुलांना पळवायचं नाही.

पण सुरुवात खांबांनी करू नका. मुलं एकदम येत नाहीत. पाचचं बोलावणं असलं की पहिलं मूल पावणेपाचला दारात आणि शेवटचं साडेपाचला. या पाऊण तासात लवकर आलेली मुलं काय करतात यावर पुढचा सगळा वाढदिवस ठरतो. काहीच नसेल तर ती पलंगावर उड्या मारतात, फुगे फोडतात, टीव्ही मागतात. या वेळेसाठी जमिनीवरचे बैठे खेळ मांडून ठेवा.

माझा हुकमी खेळ काचापाणी. पूर्वी फुटक्या बांगड्यांचे तुकडे वापरायचे. खडूचा गोल काढायचा, तुकडे आत टाकायचे आणि दुसऱ्या तुकड्याला धक्का न लावता एकेक बाहेर काढायचा. हलला की डाव गेला. मी काचेऐवजी चिंचोके घेते. वाण्याकडे किंवा मंडईत मिळतात, नाहीतर घरातल्या चिंचेतले धुऊन वाळवा. चार मुलांना मूठभर पुरतात. पाचवं मूल आलं की दुसरा गोल काढायचा. पंधरा-वीस मिनिटं घर शांत राहतं, आणि नव्या मुलांची ओळख न सांगता होते, कारण ‘हलला, हलला!’ म्हणून ओरडायला ओळख लागत नाही. तीन वर्षांखालचं कुणी येणार असेल तर चिंचोके उंचावर ठेवा. ते मूल तोंडात घालणारच, आणि चिंचोका घशात अडकण्याच्याच मापाचा असतो. फुग्याच्या फुटक्या रबराचंही तेच. फुगा फुटला की तुकडे तिथल्या तिथे उचला.

नऊ-दहा वर्षांची मुलं आली की सागरगोटे काढा. काष्ठौषधींच्या दुकानात सागरगोट्याच्या बिया मिळतात, करड्या, गुळगुळीत, हाताला थंड. आज्यांना आवर्जून बोलवा. एक वर उडवून खालचे दोन उचलायचे आणि वरचा झेलायचा, हे एखाद्या आजीने एकदा करून दाखवलं की पोरं तोंडात बोट घालतात. मी पाहिलेल्या कितीतरी वाढदिवसांत सगळ्यात जास्त टाळ्या आजीलाच मिळाल्या आहेत.

दहाएक मुलं जमली की सगळ्यांना एकत्र ओढणारा खेळ हवा. माझ्या मते डोंगराला आग लागली यासारखा दुसरा नाही. पंधरा मुलांचं गणित सांगते. सात मुलं गोल करून उभी, ती झाडं. सात मुलं त्यांच्या बाहेरून पळणारी. एक मूल मधोमध. मधलं ओरडतं, ‘डोंगराला आग लागली!’ बाहेरचे ओरडतात, ‘पळा पळा पळा!’ दोन-तीनदा म्हणून झालं की मधल्याने टाळी वाजवायची. टाळी वाजली की मधल्यासकट सगळ्यांनी एकेका झाडापुढे जाऊन उभं राहायचं. आठ जण, झाडं सात, एक उरतो. त्याच्यावर राज्य. जे पुढे उभे राहिले ते आता झाडं, मागचे पळणारे. इथे हरणारं मूल बाहेर फेकलं जात नाही, ते उलट मधोमध येतं आणि सगळ्यांना पळवतं. संगीत खुर्चीचाच हा प्रकार, फक्त हरल्यावर मानाची जागा. मुलांची संख्या सम झाली तर एक काका नाहीतर मावशी आत घ्या.

हा खेळ मला एका मुलीमुळे जास्त जवळचा आहे. तिच्या पायांना कॅलिपर होते. पळता येत नाही म्हणून घरच्यांनी तिला खुर्चीत बसवून ठेवलं होतं. मी तिला मधोमध उभं केलं आणि टाळी तिच्या हातात दिली. आग कधी लागायची आणि कधी विझायची हे तिने ठरवायचं. तिने असा चकवा दिला की मोठी मुलंही फसली. एकदा ‘डोंगराला’ म्हणून थांबली, एकदा टाळी वाजवल्यासारखे हात जवळ आणले आणि वाजवलीच नाही. मुलं हसून हसून वेडी झाली, आणि पुढच्या डावातही मुलांनीच तिला मध्ये मागितलं. तुमच्याकडेही एखादं मूल पळू शकणार नाही, किंवा पळायला तयार नसेल. त्याला ‘ये ना, ये ना’ करत ओढू नका. टाळी, शिट्टी, खडू, काहीतरी त्याच्या हातात द्या.

राज्य कुणावर, यासाठी चिठ्ठ्या टाकू नका. सुटायला लावा. तिघातिघांनी हात एकावर एक ठेवायचे, एकदम उडवून पालथे किंवा उताणे टाकायचे, वेगळा पडेल तो सुटला. हल्लीच्या बऱ्याच मुलांना हे येत नाही, आणि शिकवलं की खेळ राहू दे, सुटतच बसतात. सुटू द्या. त्यांच्या दृष्टीने खेळ सुरू झालेला असतो. अगदी लहान असतील तर अटक मटक चवळी चटक म्हणत बोट फिरवा.

पळापळीचा दुसरा चांगला खेळ विषामृत. ज्याच्यावर राज्य तो हात लावून ‘विष’ म्हणतो, विष लागलेला जागच्या जागी बसतो. सुटे गडी येऊन ‘अमृत’ म्हणून त्याला उठवतात. इथेही बाद कुणी नाही, आणि आपल्याला कुणीतरी सोडवायला आलं याचा आनंद लहानांच्या तोंडावर दिसतो. फरशीवर खेळताना ‘बसा’ म्हणून नीट सांगा, नाहीतर मुलं विष लागल्याचं नाटक करत धाडकन पडतात. पंधरा मुलांत राज्य दोघांवर द्या. एकट्याला सगळ्यांना बसवणं कधीच जमत नाही आणि तो रडकुंडीला येतो.

पार्किंगच्या कडेला बागेची माती असेल तर दगड का माती घ्या. ‘कोरा कागद, निळी शाई, आम्ही कोणाला भीत नाही, दगड का माती?’ असं सगळ्यांनी विचारायचं. राज्य असलेला ‘माती’ म्हणाला की माती त्याची, बाकीचे फरशीवर. मग त्याच्या मातीत पाय टाकून त्याला चिडवायचं आणि पकडायच्या आत फरशीवर परतायचं. हे म्हणणं मुलांना इतकं आवडतं की मराठी न येणारी मुलंही पाच मिनिटांत घोकून टाकतात. आमच्या सोसायटीतली तमिळ आणि बंगाली घरांतली मुलं हे शब्द घरी नेऊन आईबाबांना शिकवतात.

लगोरी घ्यावी का, असं बऱ्याच जणी विचारतात. घ्यावी, पण जागा असेल तर, आणि चेंडू मोज्याचा करून. जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून तोंड शिवलं की झाला चेंडू. पाठीत बसला तरी लागत नाही, काचा फुटत नाहीत. सात चपट्या दगडांऐवजी लाकडी ठोकळे नाहीतर बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक चिकटवून केलेल्या चकत्या. पुठ्ठ्याची लगोरी रचताना बोटं चेंगरत नाहीत. सहा वर्षांचं मूल लांबून नेम धरू शकत नाही, त्याला तीन पावलांवरून मारू द्या, दहा वर्षांच्याला आठ पावलांवरून. खो-खोसारख्या खेळाचे नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात बसले, कागदावर आले, आणि तो मैदानाचा खेळ झाला. नऊ गडी, आठ बसलेले, ठरलेलं अंतर. तो तुमच्या पार्किंगमध्ये बसायचा नाही. गल्लीतल्या खेळांचे नियम कुणी लिहिले नाहीत, आणि वाढदिवसाला तेच कामाला येतं : जागा, वय, माणसं बघून हवे तसे वाकवा.

काही खेळ मी वाढदिवसाला घेत नाही. विटीदांडू अजिबात नाही, विटी डोळ्याला लागते आणि बघणारी मुलं जवळ येऊन उभी राहतात. लपाछपी आणि डबा ऐसपैस एरवी माझे लाडके, पण पाहुण्यांच्या मुलांना इमारत माहीत नसते, ती लिफ्टमध्ये, गच्चीवर, गाडीखाली लपतात आणि दहा मिनिटांत तुम्ही शोधत फिरता. डोळे बांधून काठीने मटकी फोडायला मुलं हट्ट धरतात. ती आई-बाबांच्या हातून फोडा, मुलांना लांब उभं करून. चार-पाच वर्षांच्यांना डोळे बांधून फिरवणारी आंधळी कोशिंबीरही नको. अंधाराची भीती त्या वयात खरी असते.

डोळ्यांचाच खेळ हवा असेल तर टिचकीचा घ्या. दोन गट समोरासमोर बसवायचे. प्रत्येक गटाच्या म्होरक्याने आपल्या मुलांना कानात फुलांची नावं द्यायची, गुलाब, मोगरा, जास्वंद. मग समोरच्या गटातल्या एकाचे डोळे हातांनी झाकायचे आणि हाक मारायची, ‘माझ्या गुलाबाच्या फुला, ये आणि टिचकी मारून जा!’ गुलाबाने पाय न वाजवता जायचं, कपाळावर हलकी टिचकी मारायची, जागेवर येऊन बसायचं. मग डोळे उघडून ओळखायचं गुलाब कोण. डोळ्यांवर ओळखीचा हात असतो, फडकं नसतं, म्हणून लहानही घाबरत नाहीत. हा दिवाणखान्यात मावणारा खेळ आहे, पाऊस आला तर याच्यावर भागतं.

घरातल्या घरात बसून खेळायला मामाचं पत्र हरवलं, शिवाजी म्हणतो, चिमणी भुर्र, तळ्यात-मळ्यात, कानगोष्टी हे सगळे तुम्हाला येतातच. फक्त तळ्यात-मळ्यातमध्ये चुकलेल्याला बाहेर बसवू नका, त्याला पंच करा. पुढचा चुकणारा त्याने पकडायचा. शेवटी बारा पंच आणि तीन खेळाडू उरतात आणि सगळे तितकेच जागे असतात. मामाच्या पत्रात धपाटा हलका असा आधीच दम द्या, दहा वर्षांच्या मुलाचा धपाटा चार वर्षांच्या पाठीला जड जातो. चिमणी भुर्र केकच्या आधी ठेवा. ‘चिमणी भुर्र, कावळा भुर्र, गाढव भुर्र!’ म्हणताना सगळ्यांची बोटं जमिनीवर असतात, म्हणजे केककडे जात नाहीत.

लिंबू-चमचा घेतला तर चमचा हातात. तोंडात चमचा धरून पळणारं मूल पडलं की टाळूला जखम होते. शर्यत एकेकट्याची न ठेवता रिले ठेवा, दोन गट, प्रत्येकाने जाऊन यायचं आणि चमचा पुढच्याला द्यायचा. हरला तर गट हरतो. हे मी मुद्दाम सांगते, कारण ज्याचा वाढदिवस आहे तो सहा वर्षांचा आहे. आपल्याच वाढदिवसाला हरणं त्या वयात सोसत नाही. त्याला मुद्दाम जिंकवू मात्र नका, बाकीच्यांना लगेच कळतं आणि ती त्याच्यावर चिडतात. त्याचा मान वेगळा ठेवा. पहिला खेळ कोणता हे त्याने सांगायचं, गट त्याने पाडायचे, शेवटची टाळी त्याची. खेळात तो बाकीच्यांसारखाच एक भिडू.

प्रत्येक खेळाला बक्षीस देऊ नका. पहिल्या बक्षिसानंतर मुलं खेळायची थांबतात आणि भांडायला लागतात. शेवटी सगळ्यांना सारखं काहीतरी द्या. भोवरा आणि जाळी, दहा गोट्यांची पुरचुंडी, पाच सागरगोटे कापडी पिशवीत. मुलं ते घेऊन खाली तशीच खेळत बसतात आणि त्यांना न्यायला आलेले बाबा जाळी गुंडाळून दाखवायला थांबतात.

तुमच्याकडे तीन-चार वर्षांची मुलं असतील, तर संक्रांतीनंतर आपण बोरन्हाण घालतो तशी छोटी लूट ठेवा. चुरमुरे, बत्तासे, गोळ्या चादरीवर उधळायच्या आणि वेचायच्या. पण आधी लहानांनी, पन्नास मोजेपर्यंत. नंतर मोठ्यांनी. एकदम सोडलं तर मोठी मुलं सगळं नेतात आणि लहान हातात दोन चुरमुरे घेऊन उभं राहतं.

वेळेचं म्हणाल तर पाच ते सात बोलावलंत तर पाच ते साडेपाच चिंचोके, मग खाली जाऊन चाळीस मिनिटं पळापळी, मग पाणी, पंखा आणि बैठा खेळ, मग औक्षण आणि केक. पळापळी खाण्याच्या आधी. केक आणि वेफर्स पोटात गेल्यावर विषामृत घेतलंत तर एखादं मूल उलटी करणारच. पळापळीत प्रत्येक खेळ रंगात असताना थांबवा, मुलं ‘अजून एक डाव’ म्हणतील तेव्हाच. दोन खेळांच्या मध्ये ‘टाइम प्लीज’ सगळ्यांना, पाण्याची बाटली ज्याची त्याला.

खर्च विचारलात. खडूचं खोकं, पाव किलो चिंचोके, डझनभर लिंबं, दोन जुने मोजे, पुठ्ठा, दोन मोठे रुमाल. शे-दोनशेच्या आत येतं, भेटी धरून वर जाईल ते तुम्ही काय द्याल त्यावर. यातलं बरंचसं घरातच असतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा महागडी शैक्षणिक साधनं आणायला पैसे नव्हते. बिया, खडे, शिंपले, पानं यांवरच त्यांनी बालवाडी उभी केली. आम्ही त्यांच्याच वाटेने शिकलो. चिंचोक्याने मोजायला शिकलेली मुलं मी पाहिली आहेत, त्याच चिंचोक्याने वाढदिवस खेळवायला मला कधी काही कमी पडलं नाही.

माणसं मात्र लागतील. पंधरा मुलांना तीन मोठी माणसं धरा. एक खेळ घेणारं, एक पार्किंगच्या तोंडाशी गाड्यांवर लक्ष ठेवणारं, एक रडणारं मूल, शू, पाणी बघणारं. खेळ घेणाऱ्याने फोटो काढायचे नाहीत. ते काम चौथ्याचं. आणि खेळ घेणारी तुम्ही असू नका ताई, तुम्हाला औक्षणाची तयारी असेल. शेजारची दहावी-अकरावीतली एखादी मुलगी सांगा. त्या वयाच्या मुलींना लहान मुलं जीव लावतात, आणि तिला आदल्या संध्याकाळी डोंगराला आग, विषामृत आणि टिचकी हे तीन खेळ एकदा तुमच्या घरच्यांवर घेऊन बघायला लावलंत की पुरे. खडू पांढराच आणा. रंगीत खडूचे डाग मुलांच्या नव्या कपड्यांवरून लवकर निघत नाहीत.